वॉटसनची पडवी

मुंबईच्या एस्प्लनेड भागाची 1870 च्या दशकातली छायाचित्रं पाहताना एक इमारत चटकन ओळखू येत नाही. पाच मजले, मजल्यामागून मजला उघडे सज्जे, त्यांना लोखंडी कठडे, आणि सगळ्या पसाऱ्यातून आरपार खेळणारा उजेड. हे वॉटसन्स हॉटेल. काळा घोड्याजवळ आज जी एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे ती हीच, यावर विश्वास बसायला वेळ लागतो. मधल्या काळात सज्जे पत्र्यांनी, फळ्यांनी, विटांनी बुजत गेले. त्यावर खिडक्या आल्या, पाट्या आल्या. कुणी एका दिवशी दर्शनी भाग पाडला असं झालं नाही. तो खोलीखोलीनं नाहीसा झाला.

इमारतीचा जन्मही चारचौघींसारखा नव्हता. 1860 च्या दशकात कोटाच्या भिंती पडल्या आणि मोकळ्या जागेचे भूखंड विकले गेले. त्यांपैकी जागा जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्यानं घेतली. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या छतावर काम केलेला हा माणूस. खांब, तुळया, कठडे सारं इंग्लंडात तयार करून जहाजानं मुंबईत आणलं आणि जागेवर जोडलं. 1871 मध्ये हॉटेल सुरू झालं. विटा होत्या, पण त्या फक्त पोकळी भरायला. भार सगळा लोखंडावर. बहुमजली लोखंडी सांगाड्याच्या, आजवर टिकलेल्या जगातल्या जुन्या इमारतींत हिची गणना होते. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात प्रथम इथंच दाखवली गेली. वॉटसनचा उल्लेख निघाला की लोक एवढंच सांगून थांबतात. मला मात्र त्या खेळापेक्षा सज्ज्यांचं काय झालं, हे महत्त्वाचं वाटतं.

मी राहतो त्या पालीवरून मुंबई–गोवा महामार्ग जातो आणि इथूनच कोल्हापूरचा रस्ता फुटतो. महामार्ग रुंदावताना कोकणातल्या बाजारपेठांमधून कुणाची पडवी गेली, कुणाच्या दुकानाची पुढली फळी. कौलारू घराची पडवी गेली तरी मागचं माजघर बहुधा तग धरतं, कारण पडवीचं छप्पर मुख्य घराला खाली जोडलेलं असतं. घराचा चेहरा जातो, घर राहतं. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात जगभर रूढ झालेला तोडगाही याच समजुतीवर उभा आहे, फक्त उलट्या दिशेनं: रस्त्याकडची भिंत ठेवायची, मागचं सगळं पाडून नवं बांधायचं.

वॉटसनला तो लागू पडत नाही. इथं दर्शनी बाजू आणि सांगाडा ही एकच जोडणी आहे. आणि आपले नियम ही गोष्ट ओळखत नाहीत. मुंबईच्या वारसा यादीत ही इमारत द्वितीय श्रेणी 'अ' मध्ये आहे. या श्रेणीचा ढोबळ अर्थ असा, की आतले बदल बहुतांशी चालतील, बाहेरच्या बदलांची मात्र छाननी होईल. आता ज्या इमारतीचा खांब आतही तोच आणि बाहेरही तोच, तिथं 'आत' कुठं संपतं?

सज्जे बुजवणाऱ्या भाडेकरूंना नावं ठेवणं सोपं आहे. हॉटेल बंद पडल्यावर खोल्या कार्यालयांना आणि बिऱ्हाडांना दिल्या गेल्या. न्यायालयं जवळ, त्यामुळे वकिलांनाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं जुनी भाडी गोठवली. भाड्यातून दुरुस्ती परवडेना, म्हणून मालकाला रस उरला नाही. भाडेकरूला हवी होती आणखी दोन हात जागा. गिरगाव–लालबागच्या चाळीत गॅलरी कशी 'आत' घेतात, हे आमच्या रत्नागिरीकडच्या कुठल्याही चाकरमान्याला विचारा. फरक इतकाच की लाकडी चाळीत ते चालून गेलं. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं, पण ताण आला की न वाकता तडकतं. वर भिंतींचा न ठरलेला भार, आत झिरपणारं पाणी, बाहेर समुद्राची खारी हवा; आणि गंज चढतोय तो बांधकामाआड, कुणाला न दिसता.

2005 मध्ये सज्ज्यांचा एक भाग कोसळला, माणूस दगावला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं 2006 च्या धोक्यातल्या शंभर वास्तूंत तिची नोंद केली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं इमारत रिकामी झाली. आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य नाही, पाडावी असा अहवाल दिला, तर वारसा जपणाऱ्यांनी त्याला विरोध केला.

मला तज्ज्ञांचा अहवाल खोटा वाटत नाही. पण जी वास्तू सुट्या भागांतून उभी राहिली, ती सुटे भाग करून उतरवता येईल, प्रत्येक तुकडा तपासता येईल, नासका तुकडा नव्यानं ओतता येईल. हा विचार विटांच्या इमारतीबाबत हास्यास्पद ठरला असता. ऑर्डिशचाच लंडनमधला अल्बर्ट पूल पाहा. 1873 मध्ये तो खुला झाला आणि दहाएक वर्षांतच बझलगेटला त्याची मजबुती करावी लागली. 1973 मध्ये त्याच्या मधोमध चक्क काँक्रीटचे खांब दिले. शुद्धतावाद्यांना ते खुपतं. पूल मात्र वापरात आहे. वॉटसनलाही असे उघड दिसणारे नवे आधार द्यायला माझी हरकत नाही. सज्जे परत उघडे झाले पाहिजेत, एवढीच अट.

अडचण त्याच अटीत आहे. सज्जे उघडले की बंदिस्त जागा घटते, आणि आपल्याकडे पुनर्विकास चालतो तो जागा वाढण्याच्या भरवशावर. उपकरप्राप्त इमारतीत भाडेकरूला फुकट गाळा मिळतो, कारण विकासक वरचे मजले विकतो. इथं वर चढवायला काही नाही. वारसा वास्तूच्या मालकाचा बुडालेला बांधकाम हक्क दुसरीकडे वापरू देण्याची तरतूद नियमांत 1995 पासून आहे; पण ती मालकासाठी. सज्जा बुजवून केलेल्या खोलीत ज्यानं वर्षानुवर्षं वकिली केली, त्याच्या त्या दोन हात जागेचा हिशेब त्यात कुठंच येत नाही.