रोममधील एक स्मृतिशिला



रोमचा इतिहास शिकविताना आम्ही शिक्षक मुलांना सीझर सांगतो, हॅनिबलची स्वारी सांगतो, रस्ते आणि विजयकमानी सांगतो. आज त्याच रोममधील एका लहानशा स्मृतिशिलेविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

ही शिला साम्राज्यकाळातील असून ती ग्राक्सिया अलेक्झांड्रिया नावाच्या स्त्रीची आहे. ती २४ वर्षे, ३ महिने आणि १६ दिवस जगली. शिला उभारणारा तिचा पती पुदेन्स हा पूर्वी सम्राटाच्या पदरी गुलाम होता. पुढे तो मुक्त झाला. काही ओळींच्या त्या लॅटिन लेखात तो पत्नीच्या आदर्श वागणुकीचा व शीलाचा उल्लेख करतो आणि पुढे सांगतो की, तिने आपली मुलेदेखील स्वतःच्याच अंगावर पाजून वाढविली. शेवटी, या सन्मानाला ती पात्र होती, एवढेच म्हणून तो थांबतो.

त्या ‘देखील’ शब्दात बराच इतिहास दडलेला आहे. आईने मुलाला पाजावे यात नवल ते काय, असे आपणांस वाटेल. परंतु त्या काळच्या रोममध्ये सुखवस्तू घरांत मूल जन्मले की ते दाईच्या हवाली करण्याची रीत होती. सोरानस या प्रसिद्ध वैद्याने तर चांगली दाई कशी पारखावी याचे सविस्तर नियमच लिहून ठेवले आहेत. रोमन सत्तेखालील इजिप्तमध्ये दायांशी केलेले करार पपायरसवर आजही वाचावयास मिळतात. दरमहा वेतन ठरलेले असे. त्या मुदतीत दाईने पुरुषसंग करू नये, गरोदर राहू नये, दुसरे मूल पाजू नये, अशा अटी त्यांत असत. ज्या स्त्रीचे दूध असे विकत घेतले जाई, तिच्या स्वतःच्या तान्ह्याचे काय होत असेल, हा प्रश्न मात्र करार लिहिणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

या रीतीविरुद्ध बोलणारेही होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात फाव्होरिनस हा तत्त्वज्ञ आपल्या एका शिष्याच्या घरी बाळंतिणीच्या समाचारास गेला. मुलीला त्रास नको म्हणून तिची आई दाई नेमण्याच्या गोष्टी बोलू लागली, तेव्हा त्याने मातेच्या दुधाच्या श्रेष्ठत्वावर लांबलचक प्रवचन दिले. ऑलस गेलियसने ते टिपून ठेवले आहे. प्रवचन विद्वत्तापूर्ण आहे खरे. परंतु रात्री उठावयाचे होते ते त्या बाळंतिणीला, तत्त्वज्ञाला नव्हे!

त्याच्याही पूर्वीचा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील कडक शिस्तीचा केटो घ्या. प्लुटार्क सांगतो की, त्याची पत्नी मुलाला स्वतः पाजीत असे, आणि राज्यकारभाराचे तातडीचे काम नसेल तर बाळाच्या अंघोळीच्या वेळी केटो जातीने हजर राहत असे. हे त्याचे मोठेपणच. परंतु तिच्या परिश्रमांविषयी त्याने काढलेला कृतज्ञतेचा एखादा शब्द त्या चरित्रात आढळत नाही. तत्त्वज्ञाने उपदेश केला, सेनेटर जवळ उभा राहिला. उपकार मानले ते एका मुक्त गुलामाने.

ते परिश्रम केवढे असतात पाहा. नवजात अर्भक दिवसरात्रीच्या २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध मागते. म्हणजे पहिल्या महिन्यातच सुमारे २५० ते ३५० वेळा. पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि पुढे इतर अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सोरानसाने आईचे सुरुवातीचे दूध त्याज्य ठरविले होते, आणि आपल्याकडेही अनेक घरांत ते पिळून टाकीत. त्याच चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात, हे आज सिद्ध झाले आहे.

मात्र प्रत्येक मातेला हे शक्य होतेच असे नाही, आणि तो तिचा दोष नव्हे. १६५७ मध्ये जन्मलेल्या संभाजीराजांना, मातोश्री सईबाईंची प्रकृती ढासळल्यामुळे, कापूरहोळच्या धाराऊंनी दूध पाजले. महाराष्ट्र त्या दूधआईला आजही विसरलेला नाही.

शेवटी थोडे घरचे सांगतो. माझी मुले तान्ही असताना, अंधारात पलंगाच्या कडेला बसून बाळाला पाजणारी पत्नी मी कितीदा अर्धवट झोपेत पाहिली आणि कूस बदलून पुन्हा झोपलो. सकाळी वर्गावर जावयाचे आहे, ही माझी सबब. सकाळी तिलाही उठावयाचेच होते! पाण्याचा एक पेला तरी तिच्या हाती द्यावा, हे त्या वेळी सुचले नाही. या शिलेविषयी वाचले त्या रात्री मी तिला ते बोलून दाखविले. ती हसली आणि म्हणाली, “आता आठवलं का?”

पुदेन्सचे शब्द दगडावर कोरले गेले ते पत्नी गेल्यानंतर. ज्यांच्या घरी आज पाळणा हलतो आहे, त्यांनी तितकी वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.