बत्तिसांतले एकतीस

टेनिसच्या स्पर्धेचा तक्ता हाती आला की माझ्यातला शाळामास्तर आधी जागा होतो आणि खेळाचा रसिक मागाहून. बत्तीस खेळाडूंची स्पर्धा घ्या. पहिल्या फेरीत सोळा जण घरी जातात, दुसरीत आठ, मग चार, मग दोन आणि शेवटी एक. बेरीज करून पाहा, एकतीस भरते. म्हणजे बत्तिसांतले एकतीस हरतात आणि एकच न हरता परततो. विंबल्डनला एकेरीत एकशे अठ्ठावीस जण उतरतात. तिथे हरणारे एकशे सत्तावीस. क्रिकेटचा सामना अनिर्णित राहू शकतो, कुस्ती बरोबरीत सुटते, बुद्धिबळात तर बरोबरी ही मोठी मानाची गोष्ट. टेनिसला ही दयामाया ठाऊक नाही. रोज सकाळी जितके उतरतील त्यांतल्या निम्म्यांनी संध्याकाळपर्यंत हरायचे, असा तिथला कायदाच आहे.

आणि तरीही या खेळाचा जो इतिहास आपण वाचतो, तो त्या न हरलेल्या एकाचाच असतो. दिवाळीच्या फराळाबरोबर विजेत्यांच्या कथा वाचकांनी आजवर पुष्कळ चाखल्या असतील. म्हणून यंदा मी उरलेल्या एकतिसांविषयी लिहायला बसलो आहे. या मंडळींना कोणी विचारले, ‘जगात तुमचा क्रमांक कितवा?’, तर ती तीनशे पस्तीस, सहाशे वीस असे काहीतरी सांगतात आणि विचारणारा सभ्यपणे विषय बदलतो. पण त्या आकड्यालाही एक इतिहास आहे, आणि तो ऐकण्याजोगा आहे.

विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली. तेव्हापासून पुढची नव्वद वर्षे मोठ्या स्पर्धांचा दंडक असा होता, की खेळाडू हौशी असला पाहिजे. खेळून पैसे घेणारा तो धंदेवाईक, आणि धंदेवाईकाला दार बंद! ऐकायला हे फार सोज्ज्वळ वाटते. परंतु पैसे न घेता वर्षानुवर्षे खेळणे कोणाला परवडणार? ज्याच्या घरी आधीच पैसा आहे त्याला. आपल्याकडच्या जिमखान्यांतून त्या काळी ‘मार्कर’ नावाचा इसम असे. साहेबाला चेंडू टाकून द्यायचा, खेळाचे धडे द्यायचे आणि महिनाअखेर पगार घ्यायचा. पगार घेतला म्हणजे तो धंदेवाईक झाला! त्याच्याकडून शिकलेला साहेब स्पर्धेत उतरे. शिकवणारा कुंपणापाशी उभा राहून पाही.

१९३४ साली विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली ती मुंबईची लीला राव. संस्कृतात ग्रंथरचना करणाऱ्या पंडिता क्षमा राव यांची ही कन्या. आई स्वतःही टेनिस खेळणारी आणि वडील मुंबईतले नामांकित डॉक्टर. पहिली फेरी जिंकून लीलाबाई दुसऱ्या फेरीत हरल्या. म्हणजे त्याही हरणाऱ्यांतल्याच! त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा आणण्याचा माझा हेतू मुळीच नाही. पण त्या काळी बोटीने विलायतेला जाऊन एक सामना जिंकायचा आणि एक हरायचा, हे अशाच सुसंस्कृत आणि सुस्थितीतल्या घराला साधणारे होते. मार्करच्या मुलीला हे स्वप्नसुद्धा पडण्याची सोय नव्हती.

या सोवळ्याला पहिला मोठा धक्का फ्रान्सच्या सुझान लांग्लेनने दिला. १९२६ साली ती उघड उघड धंदेवाईक झाली आणि तिकीट लावून अमेरिकाभर खेळली. पुढे ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरने १९६२ साली हौशी म्हणून चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, मग तोही धंदेवाईक झाला. आणि जगातल्या या उत्तम खेळाडूला १९६३ पासून १९६७ पर्यंत विंबल्डनच्या स्पर्धेत पाऊल टाकता आले नाही. अखेर १९६८ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडातल्या बोर्नमथ गावी पहिली खुली स्पर्धा झाली आणि हौशी-धंदेवाईक हा पंक्तिभेद संपला. त्याच वर्षी विंबल्डन जिंकून लेव्हरने दोन हजार पौंड घेतले. स्त्रियांत जिंकलेल्या बिली जीन किंगला मिळाले साडेसातशे!

दार उघडले खरे. पण आत कोणाला घ्यायचे? स्पर्धेचे चालक आपल्या पसंतीने नावे ठरवीत. ज्याचे नाव गाजलेले, ज्याच्या ओळखी मोठ्या, त्याला बोलावणे येई. ही मेहरबानी संपवण्यासाठी २३ ऑगस्ट १९७३ रोजी पुरुष खेळाडूंच्या संघटनेने संगणकावर काढलेली पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत पहिला होता रुमानियाचा इली नास्तासे. १९७५ च्या नोव्हेंबरात स्त्रियांचीही क्रमवारी आली. मागच्या बावन्न आठवड्यांत जिंकलेले गुण मोजायचे, त्यांवरून क्रमांक लावायचा आणि क्रमांकावरून प्रवेश द्यायचा. चारशेव्या क्रमांकाच्या खेळाडूला आपण हिणवतो. पण तो आकडा म्हणजे कोणाच्या घरी खेटे न घालता मिळालेले प्रवेशपत्र आहे, हे विसरू नये. यंत्राला आडनाव कळत नाही, एवढा तरी न्याय त्यात आहे.

आता या न्यायाची दुसरी बाजू. मिळवलेले गुण वर्ष उलटले की गळून पडतात. आम्हा नोकरदारांना सेवाज्येष्ठता असते. एकदा चढलेली पायरी पायाखालून निघून जात नाही. टेनिसपटूने गेल्या दिवाळीत जिंकलेले गुण या दिवाळीला पुन्हा जिंकून दाखवायचे असतात. घोटा मुरगळून चार महिने घरी बसले, तर गुण काही त्याच्याबरोबर विश्रांती घेत नाहीत.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, शहराचे नाव औरंगाबाद होते त्या दिवसांत, २०१० नंतरच्या दशकात स्त्रियांच्या सर्वांत खालच्या पायरीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरल्या होत्या. अशा स्पर्धेची एकूण बक्षिसे तेव्हा दहा हजार डॉलर असत. जिंकणारीला दीड हजार डॉलरच्या आसपास रक्कम आणि बारा गुण. पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती साधारण शंभर डॉलर, म्हणजे त्या वेळचे सहा-साडेसहा हजार रुपये. प्रवास स्वतःचा, मुक्काम स्वतःचा, रॅकेटच्या तारा स्वतःच्या. मी एक दुपार अशा सामन्यात घालवली. प्रेक्षक मोजून पंधरा, त्यांतले सहा खेळाडूंचे आईबाप. पण चेंडूचा तो वेग, दीड-दीड मिनिट न तुटणारी ती टोलवाटोलवी पाहून मी थक्क झालो. हरलेल्या मुलीचे वडील माझ्या शेजारीच बसले होते. मुलीने रॅकेटी आवरल्या, तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, ‘मास्तर, पुण्याची शेवटची गाडी किती वाजता असते हो?’ मुक्कामाचे एका रात्रीचे भाडे वाचवायचे होते, हे न सांगताच समजले.

हा हिशेब त्या एका घराचा नव्हता. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ सालचा जमाखर्च तपासला, तेव्हा असे आढळले, की प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही तरी पुरुषांत सुमारे ३३६ व्या आणि स्त्रियांत सुमारे २५३ व्या क्रमांकापर्यंतच खेळाडूच्या तोंडाची मिळवणी होते. त्याखालचा प्रत्येक जण पदरमोड करून खेळतो. वकिलीत किंवा गवंडीकामात जगातला चारशेवा माणूस हा केवढा मोठा माणूस ठरेल! टेनिसमध्ये मात्र त्याला रात्रीच्या गाडीची वेळ विचारावी लागते.

आता एका मुलीची गोष्ट सांगतो. सोलापूर जिल्ह्यातले बार्शी हे मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचे गाव. भगवंताचे देऊळ आणि १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट, ही त्याची जुनी ओळख. या गावच्या प्रार्थना ठोंबरेने टेनिस हा पेशा पत्करला. पुढे ती हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत शिकली. एकेरीत तिचा क्रमांक तीनशेच्या वर कधी सरकला नाही. म्हणजे वरचा हिशेब लावला तर एकेरी तिच्यासाठी तोट्याचा व्यवहार. अशा खेळाडूंना दुहेरी हा आधार असतो. तिथे ताकदीइतकेच जोडीदाराचे मन ओळखणे लागते, जाळ्यापाशी धीर लागतो. प्रार्थनाने ती वाट धरली. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत सानियाबरोबर खेळून तिने ब्राँझपदक मिळवले.

मग आले २०१६ चे रिओ ऑलिंपिक. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली, आणि तिच्या शेजारी उभी राहिलेली प्रार्थना दोनशेच्या घरातली. समोर चीनची पेंग श्वाई आणि झँग श्वाई ही कसलेली जोडी. पहिल्याच फेरीत सामना होता. अशा वेळी समोरचे चतुर खेळाडू काय करतात, हे सांगायला नको. दोघींत जी नवखी तिच्याकडे चेंडू मारत राहतात. तरी तो सामना जवळजवळ पावणेतीन तास चालला. पहिला सेट टायब्रेकवर गेला, दुसरा भारतीय जोडीने ७-५ असा खेचून आणला आणि तिसरा ५-७ असा हातचा निसटला. निकालाच्या रकान्यात एकच शब्द पडला, पराभूत. पावणेतीन तास बरोबरीने झुंजलेल्या बार्शीच्या मुलीविषयी तो रकाना याहून अधिक काही सांगू शकत नाही. ते सांगायला माणसे लागतात.

ही माणसेही कधीकधी बोलतात. २०१९ च्या आरंभी नवी व्यवस्था आणून सर्वांत खालच्या स्पर्धांचे क्रमवारीतले गुण बहुतांशी काढून घेण्यात आले. शिडीची खालची पायरीच कापली म्हणाना! हजारो नावे यादीतून नाहीशी झाली. देशोदेशीच्या खेळाडूंनी मिळून तक्रार केली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गुण परत द्यावे लागले. पुढल्याच वर्षी करोनाने सगळ्या स्पर्धा बंद पडल्या. खालच्या खेळाडूंना वरच्यांनी मदत करावी अशी सूचना निघाली, तेव्हा ऑस्ट्रियाचा नामवंत डॉमिनिक थीम म्हणाला, की यांतले काही जण खेळाला सर्वस्व देत नाहीत, त्यांना मी पैसे का द्यावेत? त्याला उत्तर दिले ते सहाशेच्या पलीकडे क्रमांक असलेल्या, अल्जीरियाच्या इनेस इब्बू नावाच्या मुलीने. आमच्या देशात धड कोर्टे नाहीत, प्रशिक्षक नाहीत, पुरस्कर्ते नाहीत. मी तुझ्याकडे पैसे मागत नाही, मान मागते, असा तिच्या बोलण्याचा रोख होता. जगभर ते ऐकले गेले. त्या वर्षी सर्व संघटनांनी मिळून साठ लाख डॉलरहून अधिक मदत सुमारे आठशे खेळाडूंना दिली.

आणि या एकतिसांच्या वाट्याला कधी सोन्याचा दिवस उगवतच नाही, असेही नाही. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचा अंतिम सामना होता. त्रेचाळीस वर्षांच्या रोहन बोपण्णाबरोबर महाराष्ट्राची ऋतुजा भोसले खेळत होती. तीही एकेरीत पहिल्या शंभरांच्या यादीबाहेरचीच. तैपेईच्या जोडीने पहिला सेट ६-२ असा सहज घेतला. पुढे ६-३ आणि मग निर्णायक डाव १०-४! सुवर्णपदक गळ्यात पडले. वर्षानुवर्षे गाडीच्या वेळा विचारत घालवलेल्या दिवसांचे चीज एका दुपारी झाले.

पण मला वाटते, पदक मिळाले म्हणूनच या मंडळींना मान द्यायचा, तर आपण पुन्हा त्या एकाचाच इतिहास लिहू लागलो. बत्तिसांची स्पर्धा भरते ती बत्तीस आले म्हणून. विजेत्याला पाच सामने जिंकायचे असतात आणि त्यासाठी पाच जणांनी पूर्ण ताकदीने त्याच्याशी झुंजावे लागते; त्यांनी कुचराई केली तर त्याचा चषक पत्र्याच्या मोलाचा. हौशी जमान्यात कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या मार्करच्या वारसांना आत यायला नव्वद वर्षे लागली. आता ते आत आहेत, यादीत त्यांचे नाव आहे, नावापुढे एक आकडा आहे. आपल्या जिल्ह्यातली एखादी मुलगी उद्या तिकडे निघाली, तर ‘कितवी आलीस?’ हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. ‘सामना कसा झाला?’ असे विचारावे, आणि ती सांगू लागली की सवडीने, शेवटपर्यंत ऐकावे.