केस उपटण्याची कळ: सेनेकापासून झायलोकेनपर्यंत



"भाऊ, वॅक्सिंग लय दुखते का?" शरीरसौष्ठव स्पर्धेच्या आधी किंवा लग्नाच्या हंगामात आपल्या यवतमाळच्या एखाद्या जेन्ट्स पार्लरमध्ये बसा, हा प्रश्न कानावर येतोच. उत्तर म्हणून बहुधा हशा मिळतो. 'पेट'ची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात की संशोधनाचा विषय कुठे शोधायचा. माझं म्हणणं असं की ज्या प्रश्नावर लोक उत्तर न देता हसतात, तिथे थोडं थांबून बघावं. आज मी याच प्रश्नाचा इतिहास मांडतोय, आणि त्याच्या शेवटी एक गणित आहे. घाई असेल तर निदान तेवढं तरी वाचा.

आधी सरळ उत्तर: हो, दुखतं. पुरुषांना छाती-पाठीवर जास्त जाणवण्याचं एक साधं कारण आहे. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे तिथली बारीक लव जाड, काळ्या, खोल मुळाच्या केसांत बदलते. जाड केस मुळाशी घट्ट धरलेला असतो, म्हणून ओढही जास्त बसते. ही कळ इतकी झटकन का येते, हे मात्र अगदी अलीकडे कळायला लागलंय. 2017 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांमध्ये अशा चेतापेशी दाखवल्या, ज्यांची टोकं केसाच्या मुळाभोवती कड्यासारखी गुंडाळलेली असतात आणि एकच केस ओढला तरी पेटून उठतात. 2019 मध्ये माणसाच्या त्वचेतही स्पर्शाइतक्याच वेगाने वेदनेची खबर नेणारे चेतातंतू असल्याचं प्रसिद्ध झालं. तोपर्यंत पाठ्यपुस्तकं आपल्याला शिकवत होती की स्पर्श वेगवान आणि वेदना संथ.

आता मागे जाऊ. पुरुषाच्या या वेदनेचा मला सगळ्यात आवडणारा जुना उल्लेख पहिल्या शतकातला, रोमचा आहे. तत्त्वज्ञ सेनेका एका सार्वजनिक स्नानगृहाच्या वर राहत होता. तिथल्या गोंगाटाबद्दल त्याने मित्राला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे, त्याच्या पत्रसंग्रहातलं 56वं. त्यात काखेतले केस उपटून देणारा एक धंदेवाईक माणूस येतो. गिऱ्हाईक मिळावं म्हणून तो चिरक्या आवाजात सतत ओरडत असतो, आणि गप्प बसतो तो फक्त केस उपटताना, कारण तेव्हा त्याच्याऐवजी गिऱ्हाईक ओरडत असतं. विनोद झकास आहे. पण पत्र सेनेकाच्या डोकेदुखीचं आहे, गिऱ्हाइकाच्या दुखण्याचं नाही. जवळपास दोन हजार वर्षांनी, 2005 मध्ये, 'द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन' या सिनेमात नायकाच्या छातीचं वॅक्सिंग कॅमेऱ्यासमोर खरोखर केलं गेलं, आणि प्रेक्षक त्याच जागी हसले.

आपल्याकडच्या ग्रंथांत या गोष्टीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलेलं दिसतं. सुश्रुतसंहितेत जखमेवरचे साठ उपक्रम सांगितलेत, त्यात केस काढणं हा एक. जखमेभोवती केस राहिले तर ती नीट भरत नाही, म्हणून. त्यासाठीच्या लेपात शंखाचं चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग येतो. तिकडे पश्चिम आशियातल्या हमामांमध्ये चुना आणि हरताळ यांचा 'नूरा' शतकानुशतकं वापरात होता. रसायनशास्त्रवाल्यांच्या लगेच लक्षात येईल: हरताळ म्हणजे आर्सेनिकचं सल्फाइड. चुन्याबरोबर ते केसातल्या केराटिनचे गंधक-बंध तोडतं आणि केस मऊ पडून पुसला जातो. आजची हेअर रिमूव्हल क्रीम थायोग्लायकोलेट वापरून नेमकी हेच बंध तोडते. म्हणजे मुळावर ओढ पडू न देणं हा वेदना टाळण्याचा जुना रस्ता. त्याची किंमत त्वचा भाजण्याची, आणि हरताळाच्या बाबतीत विषबाधेची. (घरी करून बघू नका, हे सांगायला नकोच.)

आणि मग आपल्या अगदी शेजारी एक परंपरा आहे जिथे ही वेदना टाळायचीच नसते. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे आठवा. त्याच वाटेवर कारंजा लागतं, आता वाशीम जिल्ह्यात. तिथल्या जैन ग्रंथभांडारांतली हस्तलिखितं रायबहादूर हिरालाल यांच्या 1926 च्या सूचीमुळे अभ्यासकांसमोर आली. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक केशलोच. डोकं, दाढी, मिशी यांचे केस स्वतःच्या हाताने उपटायचे, वस्तरा नाही की कात्री नाही. दोन महिन्यांनी केला तर उत्तम, तीन महिन्यांनी मध्यम, चार महिन्यांनी जघन्य. त्या दिवशी उपवास. श्वेतांबर साधू-साध्वींमध्येही केशलोच आहे. कारणंही सांगितलेली आहेत: साधन बाळगायला नको, न्हाव्यावर अवलंबून राहायला नको, केसांत जीव होऊन त्यांची हिंसा व्हायला नको, आणि देहाचा मोह सुटावा. हाताला राख लावतात ती केस निसटू नयेत म्हणून. वेदनेबद्दल अपेक्षा एकच, ती समभावाने सोसायची.

इथे संशोधनाची एक अडचण समोर येते. वेदना मोजायची आपली नेहमीची पद्धत म्हणजे 0 ते 10 मधला आकडा विचारणं. पार्लरमधला मुलगा 8 म्हणेल. केशलोच करणाऱ्या मुनींना तो प्रश्न विचारला तर आकडा काहीही आला तरी त्याचा अर्थ पहिल्यासारखा लावता येणार नाही, कारण एकाला वेदना नको आहे आणि दुसऱ्याने ती व्रत म्हणून स्वीकारली आहे. चेतातंतू मात्र दोघांचे सारखेच.

याच हिरालाल यांच्या साहाय्याने आर. व्ही. रसेलने 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले. चौथ्या खंडातला 'नाई' हा लेख जरूर वाचा. न्हाव्याच्या धंद्यापासून सुरू होऊन तो केसांत शक्ती असते या समजुतींवर, मुंडणाच्या अर्थावर पानंच्या पानं जातो. केसाचा मालक तिथेही गौण आहे. वसाहतकालीन नोंदी वाचताना लेखकाने काय विचारलं याइतकंच काय विचारायचं त्याला सुचलंच नाही, याकडे लक्ष ठेवा.

वेदना कमी करण्याची साधनं आली ती भलत्याच वाटांनी. 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. 1943 मध्ये स्वीडनच्या निल्स लॉफग्रेनने लिग्नोकेन तयार केलं. ते 1948 मध्ये 'झायलोकेन' नावाने बाजारात आलं, आणि आपल्या गावोगावचे डॉक्टर आजही त्याला याच नावाने ओळखतात. पण ते सुईने द्यावं लागे, अखंड त्वचेतून पुरेसं आत शिरत नसे. यावरची युक्ती भौतिक रसायनशास्त्राची आहे. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन दोन्ही खोलीच्या तापमानाला घन, पण सारख्या प्रमाणात मिसळले की मिश्रणाचा वितळणबिंदू खाली येतो आणि त्याचं तेल बनतं. बी.एस्सी.ला युटेक्टिकचा आलेख काढताना याचा काय उपयोग, असं ज्यांना वाटलं होतं त्यांच्यासाठी हे उत्तर. दोन्ही अडीच टक्के असलेलं हे क्रीम मुख्यतः सुई टोचण्याआधी लावायला, म्हणजे तळहाताहून छोट्या जागेसाठी, आलं. अमेरिकेत त्याला 1992 मध्ये मान्यता मिळाली.

मग ते केस काढण्याच्या दुकानांत पोचलं, आणि जागा मोठी झाली. फेब्रुवारी 2007 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा काढला. लेझरने केस काढण्याआधी 22 आणि 25 वर्षांच्या दोन तरुणींनी औषधदुकानात बनवलेलं तीव्र बधिरीचं क्रीम पायांना लावून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं. औषध रक्तात उतरलं, झटके आले, दोघी कोमात गेल्या आणि दगावल्या. मार्च 2024 मध्ये याच संस्थेने 4 टक्क्यांहून जास्त लिग्नोकेन असलेल्या, चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या क्रीमबद्दल पुन्हा कंपन्यांना नोटिसा दिल्या.

आता ते गणित. अडीच-अडीच टक्केवाल्या क्रीमच्या ब्रिटनमधल्या माहितीपत्रकात मोठ्या भागावरचे केस काढण्यासाठी प्रौढांना कमाल मर्यादा दिली आहे: 60 ग्रॅम, 600 चौरस सेंटिमीटरवर. प्रौढ पुरुषाची त्वचा साधारण 18,000 चौरस सेंटिमीटर धरा. भाजलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर वापरतात त्या नऊच्या नियमाने धडाचा पुढचा भाग 18 टक्के, मागचा 18 टक्के. दोन्ही मिळून जवळजवळ 6,500. म्हणजे मर्यादेच्या दहापट. पोट, कुशी वगळून निम्मं धरलं तरी पाचपट. त्यात यवतमाळचा मे महिना, गरम झालेली त्वचा, वरून प्लास्टिक. या तिन्ही गोष्टींनी औषध जास्त शोषलं जातं. "पूर्ण छाती-पाठीला नंबिंग क्रीम लावून देतो" असं कोणी म्हणालं की हे आकडे आठवा आणि नको म्हणा.

मग आराम कसा मिळवायचा? बराचसा कारागिरीतून. केस साधारण अर्धा सेंटिमीटर असावेत, फार लांब असतील तर आधी ट्रिमर फिरवून घ्यावा. त्वचा एका हाताने ताणून धरायची, पट्टी वर न उचलता त्वचेला समांतर ओढायची, पट्टे छोटे ठेवायचे. ओढल्या क्षणी तिथे तळवा घट्ट दाबायचा. जुने कारागीर हे हातसवयीने करतात. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेला 'गेट कंट्रोल' सिद्धान्त त्याचं स्पष्टीकरण देतो, स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. एकाच बैठकीत छाती-पाठ दोन्ही उरकायचा हट्ट नको. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, आणि जिममध्ये असे बरेच असतात, गोळ्या बंद केल्यावरही सहा महिने वॅक्सिंग टाळावं, नाहीतर केसाबरोबर कातडी निघते.

यवतमाळपुरतं बोलायचं तर पुढचा अभ्यास कागदांपेक्षा सलूनच्या खुर्चीजवळ होईल. वस्तरा आणि तुरटीवर धंदा केलेले, पुढे मुलाच्या हाती वॅक्स हीटर पाहिलेले वयस्कर कारागीर अजून आहेत. पहिलं गिऱ्हाईक कोण आलं, ओरडलं तेव्हा तुम्ही काय केलंत, असं त्यांना विचारणारं कोणी हवं. लघुप्रबंधाचा विषय शोधत असाल तर संमतीपत्र आणि रेकॉर्डर घेऊन जा, आणि दुकान रिकामं असतं त्या दुपारच्या वेळी जा.