आत्याबाईंच्या मिशा आणि पानिपत

‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते,’ या एका म्हणीने आपण इतिहासातले सारे जर-तर निकालात काढतो. भाऊसाहेबांना यमुना वेळेवर ओलांडता आली असती तर? मिशा! विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? पुन्हा मिशाच! म्हण शहाणी आहे, यात शंका नाही. पण गिरगाव-परळच्या चाळींतली आजची मुले ती ऐकायला तयार नाहीत. त्यांना संगणकावर असे खेळ सापडले आहेत की, ज्यांत अख्खे राष्ट्रच खेळाडूच्या हाती येते. फौज, खजिना, तह, कारखाने, सगळ्यांचा कारभारी तोच! स्वीडनमधला ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ हा त्यांतलाच एक. त्याची चौथी आवृत्ती २०१६ साली निघाली. खेळ सुरू होतो १९३६ सालापासून. आपण सोडून बाकीच्या राष्ट्रांनी इतिहासाच्या वाटेने जावे की आडवाटेने, हेदेखील खेळाडूने आधीच ठरवावे, अशी मौजेची सोय त्यात आहे.

पण मोकळीक द्यावी तरी किती? सारे घडले तसेच घडायचे असेल, तर खेळाडू म्हणजे कळसूत्री बाहुली. आणि हवे ते करू दिले, तर इतिहास उरतो फक्त नावापुरता. ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला हा पेच रोजचाच. म्हणूनच या पोरखेळात माझे मन गुंतले.

आपल्या मुलांनी हा पेच आपल्यापरीने केव्हाच सोडवला आहे. दिवाळीत लालबाग-दादरच्या चाळींच्या अंगणात जे किल्ले उठतात, ते पाहा. विटा, गोणपाट, लाल माती. उतारावर पेरलेले अळीव. पायथ्याशी खुशाल आगगाडीचा बोगदा असतो आणि विहिरीवर एखादी मोटारही उभी असते. त्याला कुणी हरकत घेत नाही. पण महाराजांचे सिंहासन मात्र माथ्यावर. ते तळाशी मांडून पाहा बरे!

मोठ्यांच्या खेळालाही असेच नियम लागतात. प्रशियात १८२४ साली राइसवित्झ नावाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याने युद्धाचा खेळ सिद्ध केला. प्रमाणशीर नकाशा, त्यावर फौजांचे ठोकळे. ठरावीक वेळात फौज जेवढी चालेल तेवढाच ठोकळा पुढे सरकायचा. शत्रू जिथून दिसेल तिथूनच तो पंचाने दाखवायचा. हुकूम कोणता द्यायचा, ते मात्र सर्वस्वी खेळाडूचे. आणि दैवासाठी फासे! फासे कशाला, असे मुंबईकराने तरी विचारू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत जे बोटीचे स्फोट झाले, ते काही शत्रूच्या बाँबने नव्हेत. एकाच बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा; त्यात आग लागली, आणि शेकडो माणसे जिवास मुकली.

हाच नियम पानिपताला लावून पाहू. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब पडदूरहून निघाले. बरोबर कोण घ्यावे, हा त्यांचा निर्णय. तो खेळाडूने खुशाल बदलावा. जड तोफा आणि बायकामुले मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा सुरजमल जाटाचा सल्लाही मानावा. परंतु पावसाळ्यात यमुना दुथडी वाहणारच. ती आटवण्याचा अधिकार त्याला नाही. ऑक्टोबरात कुंजपुरा हाती येईल, पण तेवढ्यात अब्दाली बागपताजवळ नदी उतरून दिल्लीची वाट अडवू शकेल. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडले आणि रसदेचा मोठा आधार तुटला. खेळाडूने रसद दुसरीकडून आणावी, पण ती बैलांच्या पावलांनीच येईल. आणि पुण्याला धाडलेल्या पत्राला उत्तर त्याच दिवशी मिळणार नाही!

हा खेळ मी नववीच्या वर्गात फळ्यावर नकाशा काढून मांडला. एका मुलाने चुटकीसरशी निकाल लावला. “सर, बुणगे सोडून द्यायचे. नुसते घोडेस्वार न्यायचे. जिंकलो!” वर्गाने टाळ्या पिटल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सोडायचे म्हणजे कुठे, सर?” तो म्हणाला, “सुरजमलच्या किल्ल्यात.” ती म्हणाली, “तिथे त्यांना जेवायला कोण घालणार? आणि किती दिवस? सुरजमल रागावून निघून गेला, तर मग त्यांचे काय?” टाळ्या थांबल्या. सगळा तास त्या हिशेबात गेला. लढाईपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

बखरीत ‘बुणगे’ हा किती तुच्छतेचा शब्द! पण ती माणसे होती. तीर्थयात्रेला निघालेली होती, नवऱ्याच्या पाठोपाठ चाललेली होती. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर त्यांतली जी जगली-वाचली, त्यांना आसरा दिला तो त्याच सुरजमलाने. संगणकाच्या खेळात अशा माणसांना ठोकळा नसेल, तर त्यातली मोकळीक फुकटची आहे असे मी म्हणेन.

म्हणून मला वाटते, खेळाडूला निर्णयाचे स्वातंत्र्य पुरेपूर द्यावे. परिस्थितीपासून सुटका मात्र देऊ नये. नद्या, अंतरे, दाणागोटा आणि माणसांची पोटे जिथल्या तिथे राहिली, की जर-तर मिशांपुरते उरत नाहीत. ‘नशिबातच होते’ म्हणून भाऊसाहेबांना सोडून देता येत नाही, आणि ‘मी असतो तर’ म्हणून त्यांना नावे ठेवणेही तितके सोपे राहत नाही. त्या तासानंतर नववीच्या वर्गात भाऊसाहेबांना मूर्ख म्हणणारे कुणी उरले नव्हते. दोघेतिघे मात्र, बैल दिवसाला किती कोस चालतो, हे विचारायला माझ्या मागे आले होते.