ऋतूचा मुक्काम आणि कागदावरची वाडी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत सुट्टीचा मुक्काम शोधणाऱ्यापुढे आज सगळ्यात आधी देखावा मांडला जातो. नदीकाठची खोली हवी, धबधब्यासमोरची, की माचीच्या टोकावरचा तंबू? या डोंगरपट्ट्यात माणूस दोन हजारांहून अधिक वर्षे येतो-जातो आहे, आणि त्यातल्या बहुतेक काळात मुक्कामाचा प्रश्न असा विचारला गेलेला नाही. वैशाखात पाणी कुठे टिकते आणि आषाढात जमीन कुठे टिकते, एवढे दोनच प्रश्न इथे महत्त्वाचे होते. अडचण अशी की या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच जागी क्वचितच मिळते. पाणी जिथे उन्हाळाभर झिरपते तो बहुधा डोंगराचा उतार असतो, आणि पावसात धोक्याचा असतो तोही उतारच. म्हणून इथला शहाणा मुक्काम ऋतूप्रमाणे हलत असे. गेल्या दीडशे वर्षांत हा निर्णय ऋतूकडून कागदाकडे गेला. ज्या ठाकर आदिवासींना तो सर्वांत चांगला घेता येत होता त्यांच्या हातून तो सुटला आणि ज्यांना या डोंगराचा पावसाळा ठाऊक नाही त्यांच्या हाती आला. इथल्या मुक्कामाच्या इतिहासातला मला हा सर्वांत मोठा बदल वाटतो.

या पट्ट्यातला मुक्कामाचा सर्वांत जुना पुरावा राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याच्या लेण्यांत आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदलेल्या या लेण्यांत कण्हाचा शिष्य बलक याने काम केल्याचा ब्राह्मी लेख आहे. बौद्ध भिक्षूंना एरवी चारिका करायची आणि पावसाळ्यात एका जागी थांबायचे असा नियम होता. त्याला वर्षावास म्हणत. वर्षातले आठ-नऊ महिने वाटेवर काढणाऱ्या माणसाने पावसाळ्यासाठी उताराची माती टाळून अखंड कातळ निवडला, यात मोठा अर्थ आहे. लेण्यासमोर पावसात धबधबा कोसळतो. चैत्यातले बरेच खांब खालून झिजून तुटले आहेत, म्हणजे पाण्याने कातळालाही सोडलेले नाही. तरी विहारांची छते उभी आहेत.

पुढचा पुरावा बोरघाटाचा. घाट चढण्यापूर्वी खोपोलीला थांबावेच लागे, आणि तिथे नाना फडणवीसांनी तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधले. घाटाखालच्या या तळावर उन्हाळ्यात माणसांना नि बैलांना पाणी हवे होते, म्हणून आधी पाण्याची सोय झाली. 1830मध्ये घाटातून गाडीरस्ता सुरू झाला. 1856मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि 1863मध्ये रेल्वेचा घाट पूर्ण झाला. मधली काही वर्षे प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत आणि खंडाळ्यापर्यंत पालखीने, तट्टावर किंवा पायी चढत. घाट पुरा झाल्यावर तो थांबा आटोपला, कारण आता कुणाला मधे राहायचे कारणच उरले नाही. याच रेल्वेघाटातल्या एका ठाण्याला ठाकुरवाडी हे नाव आहे. गाड्या तिथून रोज जातात आणि ज्यांच्या वस्तीवरून ते नाव आले त्यांचा विचार गाडीतल्या फार थोड्यांच्या मनात येत असेल.

माथेरानचा इतिहास मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण मुक्कामाची जागा निवडण्याची पद्धत कशी बदलली ते तिथे स्पष्ट दिसते. 1850च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ डोंगराखाली चौक गावी पडला होता. तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. ते कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, पुढे 1891मध्ये आले. कलेक्टरचा दौरा कोरड्या महिन्यांत, तंबू घेऊन चाले, आणि मे हा त्या दौऱ्यांचा शेवटचा काळ. मॅलेट ओहोळाच्या घळीतून वर चढले आणि माथ्यावरची झाडी नि पाणी पाहून परतले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ते पुन्हा आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी तिथे घर बांधले. या घटनेला माथेरानचा शोध म्हणायची रीत पडली आहे, पण डोंगरावर ठाकर, धनगर आणि कातकऱ्यांचा वावर आधीपासून होता आणि पिसरनाथाचे ठाणेही होते. मॅलेट यांच्याकडे नवी होती ती एकच गोष्ट: ही जागा कायमची वस्ती म्हणून सरकारी नकाशावर आणण्याचा अधिकार. माथ्यावर जांभ्याचा थर आहे. पाऊस त्यात मुरतो, खालच्या घट्ट काळ्या कातळाशी अडतो आणि कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. मेमध्येही तिथे पाणी सापडते ते यामुळे, आणि डोंगराचे उतार पावसाळ्यात आतून भिजून जड होतात तेही यामुळेच.

इंग्रजांनीही तिथे पावसाळा काढायचा विचार केला नाही. माथेरानचे हंगाम दोन, पावसाआधीचा आणि पावसानंतरचा. 1907मध्ये आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून सुरू केलेली छोटी गाडी पावसाळ्यात बंद ठेवण्याची प्रथा अनेक दशके चालली. वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या डोंगरावर चार महिने कुणाला बोलवायचे नाही, हे त्या व्यवस्थेने गृहीत धरले होते. वसाहतवाल्यांच्या अनेक गोष्टींवर टीका करता येईल, पण ऋतू त्यांनी मानला होता.

ठाकरांचे जुने घर जवळून पाहिले तर त्या बांधणीत ऋतूचे भान दिसते. जंगलातल्या लाकडाच्या मेढी, त्यांच्यामध्ये उभ्या रचलेल्या कारवीच्या काठ्या, वेलींनी आवळलेले सांधे, दोन्ही बाजूंनी शेणमातीचा लेप आणि वर गवताचे नाही तर पेंढ्याचे छप्पर. विकत आणावे असे यात फारसे काही नाही आणि जड असे तर काहीच नाही. वस्तीतले हात लागले की असे घर उतरवून दुसऱ्या माळावर उभे करणे अवघड नव्हते. शेतीही तशीच होती. उतारावरचा तुकडा साफ करायचा, पालापाचोळ्याचा राब जाळून राखेत नाचणी-वरी घ्यायची, दोन-तीन वर्षांनी तो तुकडा पडीक सोडून पुढे सरकायचे. या पट्ट्यात अशा जमिनीला दळी म्हणतात. पाण्यासाठी ओहोळाच्या वाळूत डवरा खणायचा. तो आटला की वस्तीने पुढच्या झऱ्याकडे पाहायचे. हे जगणे सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. त्यात उपास होते, सावकार होता, ताप होता. पण त्यात एक सोय होती, जागा चुकली तर सोडता येत असे.

ही सोय कायद्याने काढून घेतली. 1878च्या वनकायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. कुठे राब जाळायचा, कुठली फांदी तोडायची, कुठे दळी करायची, हे आता जंगलखाते सांगू लागले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला 1885मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1887मध्ये त्याचा अहवाल आला. त्या सगळ्या वादात राब आणि लाकूड यांवर पुष्कळ शाई खर्च झाली. वस्ती हलवण्याच्या हक्काकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. हद्द आखली गेली तेव्हा वाडी जिथे होती तिथे ती खिळली. वर राखीव जंगल, खाली गावकऱ्यांची भातशेती, आणि मधल्या अरुंद पट्टीत ठाकुरवाडी. अनेक वाड्यांना गावठाण नाही. जिथे घर आहे ती जागा नावावर नाही, आणि दुसरीकडे जायचे तर तिथे जागाच नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ठाकरांना उताराचे इतके ज्ञान होते, तर इर्शाळवाडी का गाडली गेली? 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसे बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. तिथे वाहन जात नव्हते. मदतीला गेलेले जवान चिखलात पाय रोवत चढले आणि यंत्रे वर नेता येत नसल्याने कुदळ-फावड्याने उपसत राहिले. धोक्याच्या गावांच्या सरकारी यादीत वाडीचे नाव नव्हते, हे सरकारनेच सांगितले. या घटनेतून पारंपरिक ज्ञान फोल ठरले असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो टिकत नाही. ते ज्ञान ‘ही जागा कायम सुरक्षित आहे’ असे कधी सांगत नव्हते. ‘अमुक काळ इथे राहा, मग उठा’ असे ते होते. उठण्याचा भाग काढून घेतल्यावर उरलेल्या अर्ध्या ज्ञानाला जबाबदार धरणे हा अन्याय आहे. शिवाय यादी करणाऱ्या तज्ज्ञांनाही ती जागा ओळखता आली नव्हती. कुणाचेच ज्ञान पुरे नसेल तेव्हा हलता येणे हाच खरा बचाव असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्थिर वस्ती आदिवासींनीच मागितली: शाळा हवी, नळ हवा, रस्ता हवा, सातबारा हवा. दळीच्या जमिनी नावावर व्हाव्यात म्हणून रायगडात मोर्चे निघाले. 2006च्या वनहक्क कायद्याखाली दावे दाखल झाले. मग फिरत्या जगण्याचे गोडवे कशाला गायचे? हा प्रश्न मला पूर्ण मान्य आहे. ठाकरांनी पुन्हा कारवीच्या घरात राहावे अशी इच्छा धरणे क्रूरपणा होईल. पण स्थिर होणे आणि खिळले जाणे वेगळे. स्थिर होणाऱ्याला जागा निवडता येते. मुंबईतल्या माणसाला घर बदलता येते, पावसाळ्यात गावी जाता येते. ठाकराला कायमचेपण मिळाले ते निवडीविना मिळाले. मी परत मागतो आहे ती निवड.

त्याच काळात निवडीचा अधिकार दुसऱ्याच कुणाकडे गेला, याचा पुरावा नद्यांच्या काठी आहे. टाटांचे खोपोलीचे वीजघर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाले आणि भिवपुरीचे 1922मध्ये. घाटमाथ्यावरचे पाणी खाली सोडून वीज काढली जाऊ लागली आणि ते पाणी पाताळगंगेत नि पेज-उल्हास खोऱ्यात बाराही महिने वाहू लागले. कर्जतच्या राजनाल्याने उन्हाळी भात पिकू लागला. वैशाखात पाणी कुठे, या जुन्या प्रश्नाचे उत्तरच बदलले. आज शेतघरे आणि रिसॉर्टे जिथे दाटलेली आहेत तिथला नकाशा पाहावा. या बारमाही पाण्याचा माग त्यात सापडतो. पाण्याचा प्रश्न सुटल्यावर उरला तो पावसाळ्याचा, आणि नेमका तोच विचारातून गळला. आता गर्दी जून ते सप्टेंबरमध्ये सर्वाधिक असते. पूर्वी ज्या महिन्यांत भिक्षू कातळात बसत, कलेक्टरचे तंबू गुंडाळलेले असत आणि छोटी गाडी बंद असे, त्या महिन्यांत आज ओढ्याकाठी आणि कड्याखाली रात्र काढण्याचे पैसे मोजले जातात.

यावर म्हटले जाईल की पर्यटनाने वाड्यांना रोजगार दिला. दिला, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. वाटाडे, जेवण रांधणाऱ्या बाया, सामान वाहणारे तरुण यांच्या घरात त्यातून पैसा येतो. पण या रोजगारात त्यांच्याकडून श्रम घेतले जातात, सल्ला घेतला जात नाही. तंबू कुठे ठोकायचा हे जागेचा मालक ठरवतो. कुठला ओहोळ रात्रीत फुगतो हे जिला ठाऊक आहे ती बाई भाकरी भाजत असते.

निवड परत द्यायची तर कायद्याचा आधार लागेल आणि तिथे रायगडची अवस्था विचित्र आहे. घाटावर आंबेगाव, जुन्नरचा आदिवासी पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे आदिवासी ग्रामसभांना अधिकार देणारा 1996चा पेसा कायदा तिथे लागू आहे. कर्जत-खालापूरच्या ठाकरांना तो लागू नाही. केवळ त्या कायद्याने जीव वाचतात असेही नाही. 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गाडले गेलेले माळीण गाव आंबेगाव तालुक्यातच होते. मात्र वनहक्क कायदा दोन्हीकडे आहे. त्याच्या कलम 3(2)मध्ये गावाच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, ग्रामसभेच्या शिफारशीने, वळवता येते, आणि त्या सोयींच्या यादीत समाजमंदिरही आहे. सुरक्षित माळावर पक्के समाजमंदिर उभारायचे, त्यात आषाढ-श्रावणात सगळी वाडी धान्य नि गुरांसह हलू शकेल एवढी जागा ठेवायची आणि तो माळ वाडीच्या म्हाताऱ्यांनी नि भूगर्भतज्ज्ञांनी एकत्र फिरून ठरवायचा. यासाठी नवा कायदा लागत नाही. आठ महिन्यांचे घर एका जागी आणि चार महिन्यांचा तळ दुसऱ्या जागी, ही मागणी प्रत्येक ठाकुरवाडीने ठरावात लिहून तहसील कचेरीत द्यावी, आणि तंबूंना परवाने देणाऱ्यांनी पावसाळी मुक्कामाची जागा त्याच ठरावातून घ्यावी.