सिंधूची जबानी

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. नाटककाराला आपली सिंधू रंगभूमीवर पाहावयास मिळाली नाही. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहून मराठी प्रेक्षक रडला, आणि पुढे कित्येक वर्षे रडत राहिला.

कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. वकील सुधाकराची सनद काही काळ जाते, अपमान गिळवत नाही, तळीराम प्याला पुढे करतो. संसार धुळीस मिळतो. सिंधू लोकांची दळणे दळून मूल जगवते. शेवटी सुधाकराच्या हातून ते मूल मरते, सिंधूही मरणाच्या दारी पोचते. पोलीस येतात तेव्हा नवऱ्यावर ठपका येणार नाही अशी जबानी देऊन ती डोळे मिटते.

या नाटकातून दारूबंदीचा उपदेश आपण घेतला, तो योग्यच होता. परंतु दारू हे पुरते उत्तर नव्हे. पगाराच्या दिवशी पिऊन घरी बायकोवर हात टाकणारा गडी मी पाहिला आहे. तोच गडी पिऊन मुकादमासमोर आला, तर हात जोडून उभा राहतो. म्हणजे दारूतही त्याला हिशेब कळतो. जिथे जाब विचारला जाईल तिथे हात उठत नाही, जिथे कोणी विचारणार नाही तिथे उठतो. सुधाकराचा अपमान झाला कोर्टात, आणि त्याची किंमत वसूल झाली घरात.

सिंधूच्या जबानीला आपण पातिव्रत्य म्हटले. कामगार चळवळीत अशा जबान्या आम्हांला चांगल्या परिचयाच्या आहेत. यंत्रात बोट गेलेला कामगार साहेबासमोर 'चूक माझीच' असे लिहून देतो. ती त्याची निष्ठा नसते. उद्या चूल कशी पेटेल, ही धास्ती असते. मग सिंधूच्या बाबतीतच आपण धास्तीला निष्ठा का म्हणावे?

जे फौजदाराला सांगता येत नव्हते ते बायका दुसरीकडे सांगत होत्या. आपल्या मावळात ते ठिकाण म्हणजे पहाटेचे जाते. सासुरवास, नवऱ्याचा जाच, माहेरची ओढ, सारे ओवीत येई, आणि लेक ते आईकडून शिके. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगराळ खेड्यांत आणि पुढे महाराष्ट्रभर हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. गडकऱ्यांची सिंधूही जात्यावर गाते, पण ती मरून पूज्य झाली. ओव्या गाणाऱ्या या बाया जगल्या आणि आठवण ठेवून जगल्या. इतिहासाच्या दृष्टीने त्यांची साक्ष मोलाची आहे.

रंगभूमीलाही ही साक्ष पुढे ऐकू आली. १९८३ साली ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने गावोगाव नेले. १९१९ साली स्त्रीचे दुःख पुरुष नटाने गायिले होते; आता बायकाच उभ्या राहून आपली हकिगत सांगू लागल्या. त्याच वर्षी विवाहितेचा छळ हा दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला. नव्या न्याय संहितेतही तो आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तर पीडितेला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. सिंधूच्या काळी हा आधार असता, तर जबानी कदाचित वेगळी झाली असती.

तथापि कायदा स्वतःहून दार ठोठावत नाही. खेड्याखेड्यांत पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. दळणाचे कष्ट वाचले हे उत्तमच झाले; मात्र बायकांची बोलण्याची एक जागा गेली. ती जागा आता शेजाऱ्यांनी, मंडळांनी, आमच्या संघटनांनीही द्यावयास हवी. संघटनेच्या सभेत बोनसवर बोलतो, तसे घरातल्या मारावरही बोलले पाहिजे. भिंतीपलीकडून रडणे ऐकू आले, तर 'त्यांचे घरचे आहे' म्हणून कूस बदलू नये. खरी जबानी द्यावयास धीर लागतो, आणि आपल्यामागे कोणी उभे आहे असे दिसले की तो येतो.