एकाच चिपवर द्रव आणि प्रकाश : निदानतंत्रातील बंगळुरूचे संशोधन

रक्ताच्या एका थेंबावरून रोगाचे निदान रुग्णाच्या समक्ष, काही मिनिटांत व्हावे, यासाठी जगभर विकसित होत असलेल्या तंत्रांमध्ये मायक्रोफ्लुइडिक्स आणि फोटॉनिक चिप यांच्या संयोगाला महत्त्वाचे स्थान आहे. पहिले तंत्र केसाइतक्या बारीक मार्गिकांमधून द्रव खेळवते. दुसरे सिलिकॉनवर कोरलेल्या त्याहूनही सूक्ष्म वाटांमधून प्रकाश नेते. या दोहोंच्या मिलाफाला ऑप्टोफ्लुइडिक्स असे म्हणतात. भारतात या विषयावर संशोधन करणाऱ्या केंद्रांमध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा समावेश होतो.

सूक्ष्म मार्गिकेतील द्रव

शंभर मायक्रोमीटर रुंद, तितकीच खोल आणि एक सेंटीमीटर लांब अशी मार्गिका भरण्यास केवळ ०.१ मायक्रोलिटर द्रव पुरतो. बोटाला सुई टोचून मिळणारा थेंब त्याच्या कित्येक पट मोठा असतो. एवढ्या अरुंद जागेत प्रवाहाला खळखळ नसते. दोन धारा शेजारी शेजारी वाहतात आणि त्यांतील रेणू केवळ विसरणाने एकमेकींत मिसळतात. विसरणाचा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने अंतर दहापट कमी झाले, की वेळ शंभरपट कमी होतो. लहान रेणूला पाण्यात एक मिलिमीटर अंतर कापण्यास सुमारे आठ मिनिटे लागतात. त्याच्या एक दशांश अंतरासाठी पाच सेकंद पुरतात. तपासणीचा वेळ वाचतो तो यामुळे.

या तंत्राचे सर्वांत साधे रूप सामान्य वाचकाच्या परिचयाचे आहे. गर्भधारणा चाचणीची पट्टी आणि कोविड काळात घरोघरी पोहोचलेली जलद चाचणी यांमध्ये कागदाच्या छिद्रांतून द्रव केशाकर्षणाने आपोआप पुढे सरकतो आणि उमटलेली रेघ डोळ्यांनी वाचली जाते. मात्र ही रेघ बहुधा ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. एखादे प्रथिन रक्तात नेमके किती आहे, हे जाणण्यासाठी अधिक सूक्ष्म मापन लागते. ते काम प्रकाशावर सोपवता येते.

प्रकाश रेणूची चाहूल कशी घेतो?

फोटॉनिक चिपवरील सिलिकॉनची वाट साधारणपणे ४५० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड असते. तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा काही अंश वाटेच्या पृष्ठभागाबाहेर, शे-दोनशे नॅनोमीटरपर्यंत, पसरलेला असतो. ही वाट वलयाकार केल्यास विशिष्ट तरंगलांबीचाच प्रकाश तिच्यात फेऱ्या घालत टिकून राहतो. वलयाच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे बसवून त्यावरून नमुना वाहता ठेवला, की हवे ते प्रथिन तेथे चिकटते. त्यामुळे पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक किंचित बदलतो आणि टिकून राहणारी तरंगलांबी सरकते. हे सरकणे मोजले, की प्रथिनाचे प्रमाण कळते. नमुन्यात रंगद्रव्य मिसळण्याची आवश्यकता राहत नाही.

बंगळुरूतील कार्य

या संशोधनाला महागडी यंत्रसामग्री आणि अतिस्वच्छ कक्ष लागतात. २००६ मध्ये केंद्र सरकारच्या साहाय्याने भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची आयआयटी येथे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभारण्याचे काम सुरू झाले. २००८ पासून देशभरातील संशोधकांना या सुविधा वापरण्यासाठी एक स्वतंत्र कार्यक्रम राबवण्यात आला. २०१० मध्ये विज्ञान संस्थेत नॅनो विज्ञान व अभियांत्रिकी केंद्र स्थापन झाले. तेथे शंकरकुमार सेल्वराजा यांचा गट सिलिकॉन फोटॉनिक्सवर, तर प्रोसेनजीत सेन यांचा गट मायक्रोफ्लुइडिक्सवर काम करत आला आहे.

याच संस्थेच्या उपकरणशास्त्र विभागातील साई शिवा गोर्थी यांच्या गटाने २०१६ मध्ये हिवतापाच्या निदानासाठी सहज नेता येण्याजोगे एक उपकरण शोधनिबंधातून मांडले. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनवर जगतो, त्यामुळे बाधित पेशीकडून प्रकाश शोषला जाण्याचे प्रमाण बदलते. मार्गिकेतून वाहणाऱ्या पेशींकडून किती प्रकाश शोषला जातो हे मोजून निदान करावयाचे, असे त्याचे तत्त्व आहे. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा लेप तपासण्यासाठी जो प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, तो दुर्गम भागात सहजी मिळत नाही. अशा भागांत या पद्धतीचा उपयोग मोलाचा ठरू शकतो.

अडचणी कोठे आहेत?

चिप नखाएवढी असली, तरी तिच्याभोवतीचा सरंजाम मोठा असतो. सिलिकॉन स्वतः कार्यक्षमतेने प्रकाश निर्माण करू शकत नाही. त्यासाठी वेगळ्या पदार्थाचा लेसर जोडावा लागतो. प्रकाशतंतूचा गाभा सुमारे नऊ मायक्रोमीटरचा आणि चिपवरील वाट अर्ध्या मायक्रोमीटरची, त्यामुळे त्यांची जोडणी काटेकोर असावी लागते. दूरसंचारात प्रचलित असलेला १५५० नॅनोमीटरचा प्रकाश पाणी बऱ्याच प्रमाणात शोषून घेते. म्हणून काही ठिकाणी सिलिकॉन नायट्राइड वापरून कमी तरंगलांबीचा प्रकाश योजतात. तापमान एका अंशाने बदलले, तरी सिलिकॉनच्या वलयातील तरंगलांबी सुमारे ०.०७ नॅनोमीटरने सरकते. प्रथिनामुळे होणारा बदल यापेक्षाही कमी असू शकतो. त्यामुळे तुलनेसाठी नमुन्याशी संबंध न येणारे दुसरे वलय ठेवावे लागते. शिवाय रक्तातील इतर प्रथिनेही पृष्ठभागावर चिकटतात आणि मार्गिकेत शिरलेला हवेचा एक बुडबुडाही मापन बिघडवू शकतो.

लेसर, पंप आणि संगणक यांच्यासह जिला प्रयोगशाळेतच बसावे लागते, ती चिप प्रयोगशाळेला पर्याय ठरत नाही. परदेशात वलयांवर आधारलेली रक्ततपासणीची उपकरणे बाजारात आली आहेत, परंतु चाचणीपट्टीची स्वस्ताई व सुलभता त्यांना लाभलेली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेला पंप न जोडता, तापमानाची चिंता न करता आणि परवडणाऱ्या खर्चात रक्तातील प्रथिनाचे प्रमाण मोजता आले, तर द्रव आणि प्रकाश यांच्या या संयोगाचे प्रयोजन साध्य होईल. त्या दृष्टीने चिपच्या रचनेइतकेच तिची जोडणी, आवरण आणि उत्पादनखर्च यांवरील संशोधनही निर्णायक ठरणार आहे.